तीन ओळींची तक्रार

पहिला धक्का मला वाचनालयात बसला. चष्मा नाकावर नीट बसवून मी कविता वाचायला घेतली आणि ती संपली होती.

मी पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी. पुढच्या पानावर पुन्हा तीनच ओळी आणि खाली वीतभर मोकळी जागा. छापखान्यात काहीतरी घोटाळा झाला असणार, असं मी धरून चाललो. मी पाणीपुरवठा कार्यालयात मुख्य कारकून आहे आणि अपुरा कागद समोर आला की तो पूर्ततेसाठी परत पाठवणं ही माझी आयुष्यभराची सवय आहे. शिवाय लांबीच्या बाबतीत माझं स्वतःचं काही नाव आहे. माझी टिप्पणी ठरलेल्या कागदात कधीच मावत नाही, तिला जादा कागद जोडावे लागतात. म्हणून ऑफिसात मला सगळे 'पुरवणी' म्हणतात. तोंडावर म्हणतात. आता मीही ओ देतो.

पुस्तक घेऊन मी तडक ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी गेलो.

"बाई, यातल्या कविता अर्धवट छापल्यात."

बाईंनी आधी पुस्तक पाहिलं, मग मला. "त्या तेवढ्याच असतात. जपानी आहेत. मराठीत आणलेल्या. हायकू म्हणतात."

"सगळ्या अशाच?"

"सगळ्या. पाच, सात, पाच. सतरा अक्षरं."

सतरा अक्षरं! अहो, साहेबांना पत्र लिहिताना माझी नुसत्या मायन्यात चाळीस जातात. आणि हे जपानी लोक सतरांत कविता उरकून घरी जातात? मी खरं तर वर्तमानपत्र वाचायला आलो होतो, पण ते एका गृहस्थांनी जाहिरातींसकट ताब्यात घेतलं होतं. तेवढ्या वेळात होईल असं सगळ्यांत बारीक पुस्तक म्हणून मी हे काचेच्या कपाटातून मागून घेतलं होतं. चिडून मी परत बाकावर जाऊन बसलो आणि कुठलंतरी पान उघडलं.

रिकामी खुर्ची—
तिच्यावर बसलं
कोवळं ऊन.

बरं, मग? खुर्ची कुणाची? तो माणूस रजेवर आहे की निवृत्त झालाय? पर्यायी व्यवस्था काय? काहीही खुलासा नाही. पण पान उलटायला हात उचलला आणि तो तसाच राहिला, कारण ऑफिसातली माझ्या समोरची खुर्ची आठवली. ते पद चार वर्षं रिक्त आहे. ते भरावं म्हणून मी नऊ स्मरणपत्रं पाठवली आहेत, त्यांतलं शेवटचं सहा पानी होतं. आणि रोज सव्वादहाला त्या खुर्चीवर ऊन येऊन बसतं, हे चार वर्षं मी पाहत होतो तरी मला दिसलं नव्हतं. मी चष्मा काढून पुसू लागलो. भर वाचनालयात, पन्नाशीच्या माणसाला हे बरं दिसत नाही, म्हणून काचांवर धूळ फार आहे असं मी मोठ्याने म्हणालो.

त्या दिवशी मी बंद व्हायच्या वेळेपर्यंत उठलो नाही. बाई दिवे मालवायला आल्या तेव्हा मी विचारलं, "हे घरी नेता येईल?"

"नाही. या कपाटातलं पुस्तक बाहेर जात नाही. इथेच बसून वाचायचं." मग माझा चेहरा बघून त्या जरा विरघळल्या. "हे बघा, या महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय. एकतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक वाईट शेरा नाही. या कपाटातल्या एका पुस्तकावर ओरखडा नाही. पुढच्या सोमवारी अकराला तपासणी आहे. त्याआधी पुस्तक जागेवर हवं, जसं नेलं तस्सं. नोंद करता येणार नाही. तुमच्या शब्दावर देतेय."

मी शब्द दिला. त्यासाठी मी बराच वेळ बोललो. शेवटी बाईच म्हणाल्या की पुरे, समजलं.

घरी आल्या आल्या बायकोला एक वाचून दाखवली:

गोगलगाय
पत्रपेटीत गेली
पत्त्याशिवाय.

"मग?" बायको म्हणाली.

"मग काही नाही."

"काही नाही म्हणजे? पोस्टमनने काय केलं तिचं?"

तेवढ्यात शेजारचे काका पक्कड परत करायला आले. काका निवृत्त मोजणीदार आहेत. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता लोकांचं बोलणं मोजतात. त्यांनी ती कविता माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली आणि बोटांवर मोजली. "माप बरोबर आहे," ते म्हणाले, "पण प्लॉट फार लहान. एवढ्यात माणूस बांधणार काय? तुम्ही एक करा. प्रत्येकीच्या खाली दोन-दोन परिच्छेद जोडून टाका. तुमचा हातखंडा आहे. पुस्तकालाही जरा वजन येईल."

कालपर्यंत हा सल्ला मला पटला असता. या विचाराने मी स्वतःच दचकलो.

आता आमच्या न्हाणीघरातल्या नळाबद्दल सांगायला हवं. तो आठ महिने गळत होता. पाणीपुरवठ्याच्या मुख्य कारकुनाच्या घरी नळ गळावा, याला दिव्याखाली अंधार म्हणतात हे मला ठाऊक आहे. बायको रोज सकाळी ऐकवायचीच. पण मंगळवारी सकाळी मी ब्रश तोंडात धरून उभा होतो, आणि रात्री वाचलेली एक कविता डोक्यात होती:

गळका नळ—
थेंब पडत नाही,
मी थांबलेलो.

नळाच्या तोंडाशी थेंब आला होता. तो फुगला. लांबला. आता पडेल म्हटलं तर जरा आत गेला. मी ब्रश थांबवला. श्वासही थांबवला असावा. जगात त्या क्षणी मी आणि तो थेंब, बाकी कुणी नाही. कुण्या जपानी गृहस्थाने, मला न विचारता, माझ्या न्हाणीघरात डोकावून हे लिहून ठेवलं होतं! मग तो पडला. टप्. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

बाहेरून दार वाजलं. "अहो, आत समाधी लावलीत का? नळ बघताय तर दुरुस्त करणाऱ्याला बोलवा, नुसते बघू नका!"

त्या आनंदाच्या भरात मी ती कविता एका कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवली. खाली कवीचं नाव आणि त्यांचं गाव तेवढ्याच इमानदारीने लिहिलं, कारण दुसऱ्याचं श्रेय लाटणं माझ्या स्वभावात नाही. कागद ऑफिसात टेबलावर ठेवला, येता-जाता दिसावा म्हणून. साडेअकराला साहेबांनी बोलावलं. परत आलो तर कागद नव्हता.

आमच्या आवकबाई या कार्यालयातल्या सगळ्यांत कर्तव्यदक्ष व्यक्ती आहेत. बाहेरून आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि रजिस्टरात चढवायचा, हे त्यांचं काम. कुणाच्याही टेबलावर बेवारस कागद दिसला की त्या तो उचलतात. त्यांनी एकदा एकाच्या लग्नाची पत्रिका आवक केली होती आणि त्या नवरा-नवरीला कार्यालयाकडून रीतसर उत्तरही गेलं होतं.

माझा कागद त्यांच्यासमोर होता. कवितेच्या डोक्यावर जांभळा गोल शिक्का. आवक क्रमांक ११४७.

"बाई, हे काय केलंत!"

"काय केलं? मजकूर आहे, खाली नाव आहे, गाव आहे, विषय नळाचा आहे. शिक्का नको मारू तर काय लोणचं घालू?"

"अहो, ती कविता आहे!"

"असेल. लोक काय वाटेल त्या तऱ्हेने तक्रार करतात. गेल्या महिन्यात एकाने चित्र काढून पाठवलं होतं."

"मग रद्द करा नोंद."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच शरमलो. "खाडाखोड? माझ्या रजिस्टरात? बावीस वर्षांत नाही झाली."

ज्यांनी कार्यालयात काम केलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. एकदा क्रमांक पडला की तो कागद फाडता येत नाही, हरवता येत नाही, परत घेता येत नाही. तो फक्त निकाली काढता येतो. आणि त्यासाठी त्याची आधी फाइल व्हावी लागते.

बुधवारी फाइल झाली. गळती शाखेने शेरा मारला: 'थेंब पडत नाही, सबब ही गळती नव्हे. टंचाई शाखेकडे वर्ग.' टंचाई शाखेने दुपारी परत पाठवली: 'नळ गळका असल्याचं अर्जदार स्वतः कबूल करतो. गळती शाखेकडे परत.' चारपर्यंत फाइल चार वेळा जिना चढली-उतरली. शेवटच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'अर्जदार किती दिवसांपासून थांबला आहे याचा बोध होत नाही.' हे वाचून मी हादरलो. एवढा अचूक प्रश्न त्या कवितेबद्दल माझ्याही मनात आला नव्हता.

गुरुवारी साहेबांनी बोलावलं. "पुरवणी, हे गाव आपल्या हद्दीत कुठे येतं?"

"येत नाही साहेब. जपानात आहे." आता लपवण्यात अर्थ नव्हता. "साहेब, ती तक्रार नाही. कविता आहे. मीच लिहून आणली होती, पुस्तकातून."

साहेबांनी फाइल मिटली. "तुम्ही? आणि तीन ओळींचं काही लिहून आणलंत?" ते मोठ्याने हसले. बावीस वर्षं एका छपराखाली काम करूनही साहेबांना माझ्या थापा पचतील असं मला वाटलं कसं, हेच त्यांना कळेना. "काही दडवताय तुम्ही. पुस्तक आहे ना? मग जोडा. आधार पाहिल्याशिवाय मी सही करत नाही."

मी पुस्तक आणून दाखवलं. फक्त दाखवायला. तेवढ्यात साहेबांना फोन आला आणि त्यांनी मला हाताने बाहेर जायची खूण केली. अर्ध्या तासाने मी गेलो तेव्हा पुस्तक फाइलीत होतं. आत ठेवलेलं नव्हतं, फाइलीत होतं. पंचिंग मशीनमध्ये घालून, चौसष्ट पानं आरपार, दोन भोकं पाडून, हिरव्या टॅगने बांधलेलं. वर लिहिलं होतं 'सहपत्र अ'.

 सोमवारी अकरा वाजता ग्रंथपालबाई काचेचं कपाट उघडून उभ्या राहणार होत्या, आणि मी त्यांना दिलेल्या शब्दाला आता दोन भोकं होती.

तरी बुडत्याचा पाय खोलात जायचा बाकी होता. सहपत्र जोडलं म्हणजे प्रत्येक शाखेने ते तपासायला हवं. शुक्रवारी दुपारपर्यंत पुस्तक अकरा टेबलांवर फिरलं. टंचाई शाखेच्या प्रमुखांनी तर ते गुरुवारी रात्री 'सखोल तपासणीसाठी' घरी नेलं होतं. पानापानावर शेरे पडले, कुठे लाल, कुठे हिरवे. खुर्चीच्या पानावर: 'सदर खुर्ची कोणत्या शाखेची? भांडार शाखेने खुलासा करावा.' त्याखाली भांडार शाखा: 'आमच्या नोंदीत नाही. मात्र ऊन पाहिले.' गोगलगायीच्या पानावर: 'आमच्या अखत्यारीत येत नाही. आरोग्याकडे वर्ग.' आणि प्रत्येकाची सही, दिनांक आणि हुद्द्याच्या शिक्क्यासह.

'मात्र ऊन पाहिले' हे मी तीनदा वाचलं. भांडारप्रमुख हा खिळे मोजून देणारा माणूस आहे. त्याने ऊन पाहिलं? मला धक्क्यावर धक्के बसत होते.

निकाली काढायला आता एकच गोष्ट उरली होती. जागेची पाहणी करायची आणि 'काम झाले' अशी अर्जदाराची सही आणायची. फिटर माझ्यासमोर हत्यारांची पिशवी घेऊन उभा. "पत्ता सांगा साहेब. कुठला नळ?"

पत्ता! मी त्याला जपानात थोडाच पाठवणार होतो? सोमवार डोळ्यांसमोर नाचत होता. मी माझ्या घराचा पत्ता दिला.

बायकोने दार उघडलं. फिटरने तिला कागद वाचून दाखवला. मी त्याच्या मागे उभा होतो आणि मी तिथे नसतो तर बरं झालं असतं. "म्हणजे," ती म्हणाली, "आठ महिने मी घसा फोडून सांगतेय ते कुणी ऐकलं नाही, आणि त्या जपानी माणसाने तीन ओळी लिहिल्या तर तीन दिवसांत माणूस दारात?"

फिटर चांगला होता, नळ जुना होता. त्याने पान्याने जरा पिळला आणि नळ सबंध त्याच्या हातात आला. त्यानंतर न्हाणीघरात जे झालं त्यात आवाज ऐकून धावत आलेले काका भिंतीवरच्या भोकाला अंगठा लावून उभे होते, आणि 'अर्धा इंची आहे, अर्धा इंची!' असं ओरडून माप सांगत होते. फिटर मुख्य कॉक शोधत होता. मी ऑफिसच्या कपड्यांत चिंब होऊन 'घाबरू नका' म्हणत होतो, आणि कुणी घाबरलेलं नव्हतं, फक्त मी.

तासाभराने नवा नळ बसला. फिटरने ओला कागद पुढे केला. "वहिनी, अर्जदाराची सही लागेल. अर्जदार कुठे भेटतील?"

"आण इकडे," बायको म्हणाली. "आठ महिने थांबलेली मीच आहे." आणि तिने ठसठशीत सही केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फाइल शनिवारी सकाळी निकाली निघाली आणि सहपत्रासकट अभिलेख कक्षात जायला तयार झाली. तिथे गेलेला कागद आमच्यापैकी कुणी पुन्हा पाहिलेला नाही. सहपत्र परत मिळण्यासाठी अर्ज करायचा होता, आणि माझ्या डोक्यात नेहमीप्रमाणे साडेचार पानं तयार होती. लिहायला बसलो आणि हात पुढे जाईना. शेवटी लिहिलं, 'पुस्तक वाचनालयाचे आहे. सोमवारी परत द्यायचे आहे. मी शब्द दिला आहे.' खाली सही.

साहेबांनी कागद उलटून मागे पाहिलं. मग मला. "पुरवणी, तब्येत बरी आहे ना?" असं म्हणून त्यांनी सही केली. माझ्या एकाही टिप्पणीवर त्यांनी इतक्या लवकर सही केलेली नाही, आणि हे माझ्या जिवाला चांगलंच लागलं.

रविवारी मी पुस्तक दुरुस्त करायचा प्रयत्न केला. काकांच्या सल्ल्याने पहिल्या भोकावर कागदाची गोल टिकली डकवली. ती वाळल्यावर पान आखडलं आणि भोकापेक्षा टिकली जास्त दिसू लागली. पुढच्या त्रेसष्ट पानांना मी हात लावला नाही.

सोमवारी पावणेअकराला वाचनालयात पोचलो तर तपासनीस आधीच आला होता. हातात यादी. बाई कपाटापाशी ताठ उभ्या. मला बघून त्यांच्या जिवात जीव आला, आणि ते बघून माझ्यातला गेला.

"नवीन आदेश आहे," तपासनीस सांगत होता. "दहा वर्षांत ज्या पुस्तकाला एकही वाचक नाही, ते रद्दीत. या कपाटातली एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुस्तकं यादीत आहेत."

"ती बाहेर देतच नाही," बाई म्हणाल्या. "नोंद कुठून असणार?"

"नोंद नाही म्हणजे वाचक नाही. इथे तर चाळीसच दिसतात. एक कुठे आहे?"

मी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.  बाईंनी ते उघडलं. पहिलं पान. टिकली. दुसरं पान. भोकं, शिक्का, लाल शाई, हिरवी शाई. त्यांचा हात तोंडावर गेला.

तपासनीसाने पुस्तक ओढून घेतलं आणि पानं उलटू लागला. मध्येच एका पानावर तो बराच वेळ थांबला. मग पेन काढून सह्या मोजल्या. "अकरा वाचक. दिनांकासह, हुद्द्यासह." त्याने यादीतली ओळ खोडली. "हे राहील. बाकी चाळीस. गाडी गुरुवारी येईल." मग दुसरा कागद काढला. "आणि नुकसानीचा शेरा. पुस्तकास दोन भोकं, लिखाण, शिक्के. जबाबदार, ग्रंथपाल."

"अहो, जबाबदार मी आहे!" मी ओरडलो. "बाईंचा काही दोष नाही, झालं असं की मंगळवारी सकाळी—"

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या. आणि तपासनीसाला म्हणाल्या, "लिहा." त्याने लिहिलं. बाईंनी सही केली. एकतीस वर्षांतला पहिला शेरा, निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना. तपासनीस निघून गेला.

मी माफी मागणार होतो. ती मी वाटेत तयार करून आणली होती, आणि ती मोठी होती. पण बाई ते पुस्तक वाचत होत्या. कविता नव्हेत, शेरे. भांडारप्रमुखाच्या शेऱ्यावर त्या हसल्या, मग काचेच्या कपाटाकडे वळल्या.

"एकतीस वर्षं मी मिरवत होते," त्या म्हणाल्या, "एक ओरखडा नाही, एक ओरखडा नाही म्हणून. अहो, कुणी उघडलंच नव्हतं तर ओरखडा येणार कुठून?"

तयार करून आणलेली ती मोठी माफी मी सोडून दिली. मी, पुरवणीने.

बाई उठल्या. कमरेची किल्ली काढून त्यांनी काचेचं कपाट सताड उघडलं आणि वरच्या फळीपासून पुस्तकं उतरवायला लागल्या. चार, आठ, बारा. माझ्या हातांवर रचत गेल्या. हनुवटीपर्यंत ढीग आला तेव्हा मी घाबरून विचारलं, "बाई, हे काय?"

"गुरुवारपर्यंत वेळ आहे. तुमच्या ऑफिसात न्या. उरलेली मी रिक्षात घालून मागून घेऊन येते."

"सगळी?"

"सगळी," बाई म्हणाल्या. "आणि भोकं पाडली तरी चालतील."